पाचशेतला एक कागद

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज मशीनवर ती हेडं बसली. चार काळे डबे, जेवणाच्या डब्याएवढे, आपल्या छापखान्यातल्या जुन्या ऑफसेट मशीनच्या शेवटच्या टोकाला एका दांड्यावर ओळीनं लावलेत. त्यांना इंकजेट म्हणायचं. मशीन नेहमीसारखं रंग छापतं, आणि कागद बाहेर पडता पडता हे डबे त्याच्यावर शाई थुंकतात. शिवतसुद्धा नाहीत कागदाला. गंमत अशी की प्रत्येक कागदावर वेगळं थुंकतात. पहिल्यावर एकाचं नाव, दुसऱ्यावर दुसऱ्याचं. न थांबता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हेडं बसवायला आलेल्या कंपनीच्या इंजिनीयरला विचारलं, "यातला कुठला कागद मी तपासायचा?"

तो म्हणाला, "कुठलाच नाही, मॅडम. डेटा बरोबर तर सगळं बरोबर."

"आणि डेटा कोण तपासतं?"

"डेटा येतो," म्हणाला.

कुठून येतो ते सांगितलं नाही. सव्वीस वर्षं मी इथे मुद्रितशोधनाचं काम करते. पहिला कागद माझ्या टेबलावर येतो, मी तो वाचते, कोपऱ्यात सही करते, आणि त्या सहीच्या जिवावर तीस हजार निघतात. म्हणून सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात. आता इथे प्रत्येक कागद पहिलाच. मग सही कशावर करू? हे डोक्यावरून गेलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये दिवसभर प्रशिक्षण होतं. काचेतून दिसत होतं, इंजिनीयर फळ्यावर बाण काढत होता. मला बोलावलं नव्हतं. मशीनवाल्यांसाठीच आहे म्हणाले. माझं काम काय मशीनचं नाही, हे खरंच. तरी दोनदा पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं काचेजवळून गेले.

संध्याकाळी कप्तानला गाठलं. कप्तान म्हणजे आमचा मशीनमन. बावीस वर्षं मशीनच्या पायरीवर असा उभा राहतो जसं काही जहाज हाकतोय, म्हणून ते नाव. विचारलं, "काय शिकवलं?"

"पुष्कळ. अर्धं कळलं, अर्धं लिहून घेतलं."

"दाखवा की."

"माझं अक्षर मलाच लागत नाहीये, मास्तरीणबाई."

एक हिरवं बटण आहे म्हणाला. खराब कागद काढला की ते दाबायचं. मी म्हटलं बरं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिलं मोठं काम आलं. इस्पितळाचं. त्यांच्याकडे कायमचे उपचार घेणाऱ्या अठरा हजार रुग्णांची कार्डं. एका कागदाचं एक कार्ड. समोर नाव, वय, पत्ता. मागे त्या माणसाची औषधं आणि काय अजिबात द्यायचं नाही ते. माणूस रस्त्यात पडला, बोलता येईना, तर कुणीही कार्ड उलटून बघावं. आधी सगळ्यांची समोरची बाजू छापायची, वाळवायची, मग गठ्ठा उलटा करून मागची.

नावं इथे लिहिणार नाही. दुसऱ्यांची दुखणी आहेत ती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वन्संना कार्डाचं सांगितलं. माझी नणंद परिचारिका आहे, दुसऱ्या एका दवाखान्यात. हे गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. भाजी निवडता निवडता त्या थांबल्या.

"दादाच्या खिशात असं काही असतं तर," म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

ह्यांना रस्त्यातून उचलून नेलं तेव्हा रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी पोचेपर्यंत तास गेला होता.

हे काम डोळ्यांत तेल घालून करायचं, असं मी मनाशी ठरवलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

समोरची बाजू छापून झाली. काय वेग! नाव वाचेपर्यंत पुढची दहा गेलेली असतात. कप्तान फीडरपाशी, म्हणजे कागद आत जातात त्या टोकाला होता, घामाघूम. इंजिनीयर काल परत गेला. धाकटे मालक फोनवर फोटो काढत होते. कागद जुळवून बघणारा कॅमेरा पण येणार आहे म्हणे, महिन्याभरात. त्याच्यासाठी थांबायला इस्पितळ तयार नाही.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मी काही नुसती बसणार नव्हते. नेहमीची पद्धत धरली. दर पाचशे कागदांमागे बाहेरच्या टोकाला हात घालून एक कागद ओढायचा, टेबलावर न्यायचा, यादीशी ताडून बघायचा, लाल पेन्सिलीनं खूण करायची, खणात ठेवायचा. चालत्या मशीनमधून कागद ओढणं सोपं नाही, एक लय असते, ती चुकली की बोट सोलतं. माझं सव्वीस वर्षांत दोनदाच सोललंय. सगळे कागद बरोबर निघाले. एका वेलांटीचीसुद्धा चूक नाही.

पाठ दुखतेय. पण आपण कामाच्या आहोत असं खूप दिवसांनी वाटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मागची बाजू छापली. शेवटी एक विचित्र प्रकार झाला. कागद संपले, पण पडद्यावर छत्तीस माणसं अजून बाकी. कप्ताननं डोकं खाजवलं.

"काढलेल्या प्रत्येक कागदाला बटण दाबलंय मी," म्हणाला.

धाकटे मालक म्हणाले, "जाऊ द्या हो, रीममध्येच कमी आले असतील. छत्तीस उद्या वेगळी काढू." त्यांना घाई होती. मलाही त्यात काही वाटलं नाही. थोडेफार कागद वाया जातातच.

पण दुसरंच एक खटकलं. या वेळी मशीनमधून ओढले नाहीत, छापून झालेल्या गठ्ठ्यातली कार्डं तिथेच चाळत होते. त्यातलं एक मागून वाचलं, सवयीनं उलटून पुढून वाचलं. नऊ वर्षांची मुलगी. मागे रक्त पातळ करायची गोळी, रोज एक. ती गोळी मला चांगली ठाऊक आहे. नऊ वर्षांच्या पोरीला?

घरी वन्संना विचारलं. "असतं गं वहिनी एखाद्या पोराला, हृदयाची झडप बदलली असली तर. क्वचित."

म्हणजे असतं. मग मी कोण शंका घेणार?

शनिवार, १५ नोव्हेंबर

पहिल्या तीन खोक्यांतली पंधराशे कार्डं इस्पितळात गेली. त्यांच्या नोंदणी कारकुनानं पहिल्या खोक्यातली वरची वीस कार्डं यादीशी ताडली. वीसच्या वीस बरोबर. फोनवर शाबासकी दिली. धाकट्या मालकांनी सगळ्यांना चहा पाजला.

त्या पोरीचं डोक्यातून जात नाहीये. विचारावं का? काय म्हणून विचारू? छापलेलं यादीत आहे तसंच आहे. मी पुढची बाजू पुढच्या यादीशी लावली, बरोबर. मागची मागच्या यादीशी लावली, बरोबर. दोन्ही बरोबर असताना चूक असेल तरी कुठे?

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज सातव्या खोक्यात हात घातला. पुरुष, वय अठ्ठावन्न. मागे: "सातवा महिना. उताणे निजवू नये."

आधी हसू आलं. मग ओसरलं. तशीच धाकट्या मालकांकडे गेले. त्यांनी वाचलं, चेहरा उतरला, पण लगेच सावरले.

"यादीतच चूक असणार. दवाखान्याची."

फोन लावला. कारकून म्हणाला, त्या माणसाच्या ओळीत मधुमेह आहे, बाळंतपण कुठून येईल? यादी बरोबर. तुमच्या पहिल्या खोक्यातली कार्डंही बरोबर. मग हे एकच कार्ड कसं चुकलं?

मी आणखी दहा काढून दाखवणार होते, तेवढ्यात धाकटे मालक म्हणाले, "मास्तरीणबाई, गेले आठ दिवस तुम्ही फार वाकून बघताय. चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

चष्मा! त्या माणसाला सातवा महिना काय माझ्या चष्म्यामुळे लागला?

पण खरं सांगायचं तर जागेवर येऊन मी चष्मा पुसला. आणि पुन्हा वाचलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हे सगळं नीट लिहून काढायचंय, नाहीतर उद्या मी त्याला वेगळा रंग देईन.

सकाळी मी चौथ्यापासून नवव्या खोक्यापर्यंत प्रत्येकातलं एक कार्ड काढलं. सहाच्या सहा चूक. आता धाकट्या मालकांचा नाइलाज झाला. इंजिनीयरला फोन लावला, स्पीकरवर. मी, कप्तान आणि ते, तिघं टेबलाभोवती.

इंजिनीयर लगेच म्हणाला, "समोरची बाजू छापल्यावर मधला कागद काढला असेल कुणीतरी. बटण न दाबता. कॉम्प्युटरला वाटतं कागद आहे. एक काढला की तिथून पुढे सगळे एकानं सरकतात. एकाच्या पाठीवर दुसऱ्याचं."

धाकट्या मालकांनी कप्तानकडे पाहिलं.

"पोरांची शपथ," कप्तान म्हणाला. "बटणाशिवाय एक कागद काढला नाही."

"मग काय हवेत उडाले? छत्तीस?"

"मला नाही माहीत, मालक."

"मशीनवर तुम्हीच होतात ना?"

मी म्हणायला तोंड उघडलं की कप्तान खोटं बोलणार नाही, मी तिथेच होते, कुणीच काही काढलं नाही, मी तपासायला काढले तेवढेच. आणि तेवढेच हा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

मी गप्प बसले. हे लिहायलाच हवं. मी गप्प बसले. धाकटे मालक कप्तानला वाटेल ते बोलले. बावीस वर्षांची लाज काढली. तो खाली बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते.

जागेवर आले, खण उघडला. लाल खुणा केलेले, नीट एकावर एक ठेवलेले. मोजले. छत्तीस. पुन्हा मोजले. छत्तीसच.

मला अजूनही नीट समजत नाही. तपासणं ही चूक कशी असेल? मी तपासलं म्हणून चुकलं, आणि तपासलं नसतं तर बरोबर असतं. हे कुठलं गणित? मला प्रशिक्षणाला बोलावलं असतं तर. पण हिरव्या बटणाचं कप्ताननं सांगितलं होतं. पण तो म्हणाला होता खराब कागदासाठी. माझे कागद कुठे खराब होते!

सुटी झाल्यावर घरी आले. वन्संना दारातच सांगितलं. वाटलं, म्हणतील तुझी काय चूक. त्या म्हणाल्या, "त्या मशीनवाल्याला अजून माहीत नाहीये?"

"नाही."

"चपला काढू नकोस. आत्ता जा."

परत गेले. धाकटे मालक आणि कप्तान दोघंही तिथेच होते, एकेक खोकं उघडून बघत. मी छत्तीस कागद टेबलावर ठेवले.

"हे मी काढलेत. दर पाचशेला एक. नेहमीसारखे."

धाकटे मालक म्हणाले, "तुम्ही?" आणि थोड्या वेळानं पुन्हा, "तुम्ही?"

कप्ताननं एक कागद उचलून लाल खूण बघितली. मग म्हणाला, "तुम्हाला ओढताना दोनदा पाहिलं मी. वाटलं, बघून परत ठेवता."

"मी कधी परत ठेवलाय?"

"नाही," म्हणाला. "कधीच नाही. माझ्याच लक्षात आलं नाही." हात पुसत बाहेर निघून गेला. "दुपारी बोलला असतात तर बरं झालं असतं," एवढं दारातून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळीच धाकट्या मालकांनी इस्पितळाला सगळं सांगितलं. तिथे सोमवारपासूनच कार्डं वाटायला घेतली होती. दोन खिडक्या. एका खिडकीवर पहिलं खोकं, ते बरोबर होतं. दुसऱ्या खिडकीवर दुसरं. त्यातली एकशे त्रेसष्ट गेली, आणि ती सगळी चुकीची.

नोंदणीच्या खोलीत आम्ही चौघं फोन घेऊन बसलो. कारकून, धाकटे मालक, मी आणि वन्सं. वन्संनी रजा टाकली, मी म्हटलंही नव्हतं. प्रत्येकाला सांगायचं, मागची बाजू वाचू नका, कार्ड परत आणून द्या.

एक आजोबा म्हणाले, "मागे पण काही आहे होय?"

एक आई म्हणाली, "त्यातली एक गोळी आम्ही आणली. पण त्याला दिली नाही, तो गोळी बघून रडला." मी तिला ती गोळी फेकून द्यायला सांगितलं, दोनदा.

एक गृहस्थ भडकले, त्यांच्या कार्डावर वेडावरची गोळी लिहिली होती आणि घरच्यांचा त्यावर विश्वास बसला होता. वन्संनी त्यांना शांत केलं. तसं बोलणं मला जमलं नसतं.

संध्याकाळी पाचपर्यंत एकशे बासष्ट लागले. एकीचा फोन बंद. बाई, वय सत्तेचाळीस, घरी शिवणकाम. तिच्या खऱ्या कार्डावर काय असायला हवं होतं ते कारकुनानं वाचलं: पेनिसिलिन देऊ नये, जिवाला धोका. हातात पडलेल्या कार्डावर काय असणार तेही वाचलं: कसलीही ॲलर्जी नाही.

मी पदर खोचला. वन्सं म्हणाल्या, "मी येते."

बस, मग दोन गल्ल्या, मग तीन जिने. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, दोन दिवस ताप आहे, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली. आम्ही जिने कसे उतरलो माहीत नाही. माझी एक चप्पल मधल्या जिन्यावर राहिली.

दवाखान्यात बाकावर सात-आठ जण. मधे एक बाई, शाल गुंडाळून, हातात आमचं निळं कार्ड. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, धापा टाकत. ती म्हणाली, "नंबर लावा बाई, सगळे बसलेत."

शेवटी वन्सं बोलल्या. कार्ड चुकीचं आहे, मागचं तुमचं नाही. तिनं कार्ड उलटून बघितलं.

"मला ते इंजेक्शन चालत नाही हे मला माहितीये की," ती म्हणाली. "लहानपणी एकदा मरता मरता वाचले."

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, मग तुम्ही डॉक्टरांना सांगितलंच असतं.

तिनं कार्ड मांडीवर पालथं ठेवलं. "सांगणार नव्हते," म्हणाली. "कार्ड वाचलं ना परवा. कसलीही ॲलर्जी नाही. वाटलं, इतक्या वर्षांत गेली असेल. मोठ्या दवाखान्याचं छापील आहे म्हटल्यावर."

तिच्या पुढे दोनच नंबर होते.

वन्सं तिच्याबरोबर आत गेल्या. मी बाकावर बसून राहिले, एका पायात चप्पल. सव्वीस वर्षं छापलेलं बरोबर आहे का एवढंच बघितलं. छापलं की लोक स्वतःच्या अंगावरही विश्वास ठेवत नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं. की मलाच कळायला हवं होतं?

शनिवार, २२ नोव्हेंबर

सगळी कार्डं नष्ट केली. आधी कॅमेरा बसणार, मग पुन्हा छापणार. इस्पितळानं काम काढून नाही घेतलं. का, ते मला माहीत नाही. धाकटे मालक म्हणतात, आपण स्वतःहून सांगितलं म्हणून. वन्सं म्हणतात, दुसरं कुणी इतक्या लवकर छापून देणार नाही म्हणून.

मी धाकट्या मालकांना म्हटलं, मी थांबू की जाऊ? ते म्हणाले, "तुम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं नाही ते मी. तुम्ही गेलात तर मलाही जावं लागेल." मग म्हणाले, "पण कप्तानशी तुमचं तुम्ही बघा."

कप्तान बोलत नाही. तो मागत असलेली गोष्ट मी पुढे केली तर दुसरीकडून घेतो. बरोबरच आहे त्याचं. माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कॅमेरा आला, इंजिनीयरही आला. पुन्हा प्रशिक्षण. या वेळी मी सगळ्यात आधी जाऊन पुढच्या खुर्चीवर बसले, वही घेऊन. कप्तान माझ्या मागे दोन खुर्च्या सोडून.

इंजिनीयरनं बाण काढले. समोर एक आकडा छापला जाईल, कॅमेरा तो वाचेल आणि मशीन त्याचीच मागची बाजू छापेल. कागद मधून कुणी काढला तरी चालेल. हे मला समजलं. आयुष्यात पहिल्यांदा या यंत्राचं काही समजलं. मग हात वर केला.

"एक विचारू? कागद काढला नाही, पण समोरची बाजू छापायला आत जातानाच दोन कागद चिकटून गेले तर? वरच्यावर आकडा, खालचा कोराच. उलटल्यावर वर कोण येणार?"

इंजिनीयर म्हणाला, "तसं होत नाही."

मागून कप्तानचा आवाज आला. "रोज होतं. पावसाळ्यात तर दिवसाला दहा वेळा होतं. बाईंना विचारा, त्या पकडतात."

इंजिनीयर फळ्याकडे वळला. एक बाण पुसला, दुसऱ्या दिशेनं काढला, तोही पुसला. धाकटे मालक त्याच्याकडे बघत होते, मी कप्तानकडे. तो माझ्याकडे बघत नव्हता, पण त्यानं खुर्ची उचलून एक पुढे आणली.

"मला विचारून सांगावं लागेल," इंजिनीयर म्हणाला. "उद्या परत बसूया का?"

"बसू," कप्तान म्हणाला. "बाई, तुमची वही द्या जरा. माझं अक्षर मला लागत नाही."